वाटेच्या मालकाचा हक्क किती? नेट न्यूट्रॅलिटीच्या वादाची पार्श्वभूमी

डिसेंबर २०१५च्या शेवटच्या आठवड्यात फेसबुकचे मार्क झुकेरबर्ग यांनी ‘टाइम्स ऑफ इंडिया’त एक लेख लिहिला. त्यात महाराष्ट्रातल्या एका शेतकऱ्याचं उदाहरण होतं. हा शेतकरी ‘फ्री बेसिक्स’ ही फेसबुकची निवडक वेबसाइट फुकट दाखवणारी सेवा वापरून हवामान पाहतो, शेतमालाचे भाव पाहतो आणि आता नवी पिकं घेण्यासाठी पैसे गुंतवू लागला आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. गरिबाला फुकट मिळणारी अशी सेवा कुणी का अडवावी, असा एकंदर रोख होता.

भाव कळणं म्हणजे काय, हे रावेर-सावद्याकडच्या केळीवाल्यांइतकं कुणाला ठाऊक असणार? घड कापला की माल थांबत नाही. बऱ्हाणपूरच्या लिलावात आज काय निघालं, रावेरचा भाव काय, व्यापारी बांधावर किती देतोय, गाडी कधी लागणार, हे सगळं सकाळच्या एक-दोन तासांत कळावं लागतं. ते कळतं व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर, ओळखीच्या व्यापाऱ्याच्या मेसेजमधून, एखाद्या स्थानिक यूट्यूब चॅनेलवरून. ही माहिती विखुरलेली असते आणि तिचे मार्ग रोज बदलतात. फ्री बेसिक्सवर मात्र कुठली वेबसाइट दिसणार, हे फेसबुकच्या अटींवर ठरणार होतं. व्हिडिओ नको, इंटरनेटवरून कॉल नको, जड चित्रं नकोत, आणि सगळी वाहतूक फेसबुकच्या सर्व्हरमधून जाणार. म्हणजे लेखातल्या शेतकऱ्याला इंटरनेट मिळत नव्हतं, इंटरनेटमधून वेचून दिलेला एक कोपरा मिळत होता.

या वादाला ‘नेटवर्क न्यूट्रॅलिटी’ हे नाव अमेरिकेतले कायद्याचे प्राध्यापक टिम वू यांनी २००३ साली दिलं. कल्पना साधी आहे. इंटरनेटची जोडणी देणाऱ्या कंपनीने तारेतून जाणाऱ्या सगळ्या डेटाला सारखीच वागणूक द्यावी. कुठली साइट अडवू नये, कुणाचा वेग मुद्दाम कमी करू नये, पैसे घेऊन कुणाला पुढे काढू नये, आणि एका अॅपसाठी डेटा फुकट, दुसऱ्यासाठी महाग असंही करू नये.

नाव नवं असलं तरी भांडण जुनं आहे, आणि खान्देशाने ते रुळांवर पाहिलेलं आहे. जीआयपी, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला ही रेल्वे कंपनी, १८६०च्या दशकात इकडे आली. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला होता आणि खान्देशच्या कापसाला एकाएकी सोन्याचे दिवस आले होते. भुसावळहून एक फाटा नागपूरकडे गेला, दुसरा जबलपूरकडे. एकदा रेल्वे आल्यावर बैलगाडीने घाट उतरून माल मुंबईला नेणं कुणाला परवडणार? वाट एकच उरली आणि तिचं भाडं ठरवणारी कंपनीही एकच. विसावं शतक उजाडता उजाडता तापी खोऱ्यातून सुरतेकडे जाणारी लाइन झाली तेव्हा कुठे दुसरा पर्याय उभा राहिला.

देशभरच्या व्यापाऱ्यांची तक्रार पुढची कित्येक वर्षं एकच होती. बंदराकडे जाणारा कच्चा माल आणि बंदरातून येणारा विलायती माल यांना भाडं कमी. देशातल्या देशात, एका गावाहून दुसऱ्या गावी जाणाऱ्या मालाला भाडं जास्त. जळगावात आणि अमळनेरात कापडाच्या गिरण्या होत्या. कापसाची गाठ मुंबईला स्वस्तात जाते आणि इथे विणलेलं कापड मात्र देशातल्या पेठेत पोहोचायला महाग पडतं, या हिशेबाने इथला उद्योग वाढला असता की खुरटला असता, हे सांगायला अर्थशास्त्रज्ञ लागत नाही. १९१६ ते १८ या काळात काम केलेल्या औद्योगिक आयोगानेही बंदराला झुकतं माप देणाऱ्या या भाडेधोरणावर टीका केली.

आणि हे सगळं कायदा असूनही चाललं होतं! १८९०च्या रेल्वे कायद्याचं ४२वं कलम स्पष्ट होतं: रेल्वेने कुणा एका व्यक्तीला किंवा कुठल्या एका प्रकारच्या मालाला गैरवाजवी झुकतं माप देऊ नये. कलम चांगलं होतं, पण त्याखाली दाद मागायची पद्धत इतकी किचकट की ती फारशी वापरली गेली नाही. १९२०-२१च्या अॅकवर्थ समितीने भाड्याच्या तक्रारींसाठी वेगळं न्यायाधिकरण नेमा, असं सुचवलं. १९२६ साली सरकारने सल्लागार समिती तेवढी नेमली. खरंखुरं न्यायाधिकरण आलं १९४९ मध्ये, म्हणजे कलम लिहिल्यावर ५९ वर्षांनी. नेट न्यूट्रॅलिटीवर बोलताना मला हा आकडा सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

तारायंत्रांनाही हाच नियम लागला होता. अमेरिकेत १८६० साली पॅसिफिक किनाऱ्यापर्यंत तार टाकण्यासाठी कायदा झाला. सरकारी संदेशांचा अपवाद सोडला तर बाकी सगळे संदेश आले त्या क्रमाने, पक्षपात न करता पुढे पाठवावेत, असं त्यात लिहिलं होतं.

आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झालं ते १५ ऑगस्ट १९९५ला, विदेश संचार निगम या सरकारी कंपनीच्या हातून. आधी मोठ्या शहरांत. जळगाव-धुळ्याच्या माणसाला ते घ्यायचं तर मोठ्या शहराला एसटीडी लावावा लागे, त्यामुळे हौसही महागच. विद्यार्थ्यांसाठी स्वस्त खातं होतं, पण त्यात नुसती अक्षरं दिसायची, चित्रं नाहीत. १९९८च्या अखेरीस खासगी कंपन्यांना परवाने मिळू लागले. पण इंटरनेटवरून फोन करायला मात्र बंदी कायम होती. परदेशी कॉलची मक्तेदारी विदेश संचारकडेच होती, आणि त्या काळी परदेशी कॉलचे दर कसे असत हे आखातात माणूस असलेल्या घरांना आजही आठवत असेल. ३१ मार्च २००२ला ती मक्तेदारी संपली आणि १ एप्रिलपासून इंटरनेट टेलिफोनीला परवानगी मिळाली. या दोन तारखांमधलं नातं बघा. वाटेच्या मालकाला आपली जुनी मिळकत जपायची होती, तोवर नवी सोय बंद राहिली. पुढच्या प्रत्येक भांडणात हेच दिसतं.

अमेरिकेत २००७ मध्ये कॉमकास्ट ही केबल कंपनी बिटटोरेंट या फायलींच्या देवाणघेवाणीच्या सोयीची वाहतूक गुपचूप अडवताना पकडली गेली. तिथून नियम आले, कोर्टात पडले, पुन्हा आले. २०१५ साली तिथल्या दूरसंचार आयोगाने कडक नियम केले, डिसेंबर २०१७ मध्ये नव्या सरकारच्या आयोगाने ते काढून टाकले, एप्रिल २०२४ मध्ये परत आणले आणि जानेवारी २०२५ मध्ये अपील कोर्टाने ते रद्द ठरवले. इंटरनेट ही टेलिफोनसारखी सार्वजनिक वाहतूक मानायची की नाही, एवढ्या एका मुद्द्यावर हे सगळं हेलकावत राहिलं.

भारतात ठिणगी पडली डिसेंबर २०१४ मध्ये. स्काइप, व्हायबरसारख्या अॅपवरून केलेल्या कॉलसाठी वेगळे पैसे लावू, असं एअरटेलने जाहीर केलं. ओरड झाली आणि दोन-तीन दिवसांत निर्णय मागे घेतला गेला. कंपन्यांचं दुखणं खोटं नव्हतं. मोबाइलच्या रेडिओलहरींना, म्हणजे स्पेक्ट्रमला, त्यांनी प्रचंड पैसा मोजला होता, मेसेजचं उत्पन्न व्हॉट्सअॅपने खाल्लं होतं, आता कॉलवरही संक्रांत येणार होती. पण ग्राहक डेटाचे पैसे आधीच भरतो. त्या डेटातून तो काय करतो यावर दुसऱ्यांदा पट्टी लावायचा हक्क तारवाल्याला कसा मिळतो, याचं पटेल असं उत्तर तेव्हाही कुणी दिलं नाही.

२७ मार्च २०१५ला ट्रायने, म्हणजे दूरसंचार कंपन्यांवर नियमन करणाऱ्या सरकारी प्राधिकरणाने, या विषयावर ११८ पानांची चर्चापत्रिका काढली. सर्वसामान्य माणसाने वाचावी अशी ती नव्हतीच. मग काही कार्यकर्त्यांनी तिचा सोपा गोषवारा करून उत्तरांचा नमुना तयार केला, विनोदी कलाकारांच्या एका व्हिडिओने तो घरोघरी पोहोचवला आणि ट्रायकडे दहा लाखांवर ईमेल गेले. त्याच एप्रिलमध्ये ‘एअरटेल झीरो’ ही योजना आली: अॅपवाल्याने पैसे भरायचे, ग्राहकाला ते अॅप फुकट. लोकांचा रोष पाहून फ्लिपकार्टने त्यातून अंग काढून घेतलं.

फेसबुकची योजना त्याआधीच, फेब्रुवारी २०१५ मध्ये, ‘इंटरनेट डॉट ऑर्ग’ या नावाने रिलायन्स कम्युनिकेशन्सच्या जोडीने सहा राज्यांत सुरू झाली होती आणि त्यात महाराष्ट्र होता. सप्टेंबरमध्ये तिचं बारसं पुन्हा होऊन ती फ्री बेसिक्स झाली. डिसेंबरमध्ये ट्रायने वेगवेगळ्या डेटादरांवर नवी चर्चापत्रिका काढली, तशा पानभर जाहिराती आणि होर्डिंग लागले. फेसबुकने वापरकर्त्यांकडून एका बटणात पाठिंब्याचे ईमेल पाठवून घेतले. ते लाखांनी आले. मात्र ट्रायने विचारलेले प्रश्न चार होते आणि त्यांची उत्तरं या ईमेलांत नव्हती. चर्चेला जनमत चाचणीचं रूप दिलं जातंय, अशी नाराजी ट्रायने पत्रातून कळवली.

८ फेब्रुवारी २०१६ला निर्णय आला. मजकूर पाहून डेटाचा दर ठरवता येणार नाही. मोडल्यास दिवसाला ५० हजार रुपये, जास्तीत जास्त ५० लाख. आणीबाणीच्या सेवेचा तेवढा अपवाद. तीन दिवसांत फेसबुकने भारतातून योजना गुंडाळली. हा नियम काढणाऱ्या ट्रायचे अध्यक्ष होते आर. एस. शर्मा. २९ सप्टेंबर २०१०ला नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात देशातलं पहिलं आधार दिलं गेलं, तेव्हा आधार प्राधिकरणाचे महासंचालक हेच होते.

नोव्हेंबर २०१७ मध्ये ट्रायने अडवणूक, वेग कमी करणं आणि कुणाला झुकता वेग देणं याविरुद्ध शिफारशी केल्या, आणि सप्टेंबर २०१८ मध्ये त्या कंपन्यांच्या परवान्यांत अटी म्हणून घातल्या गेल्या. दूरस्थ शस्त्रक्रियेसारख्या खास सेवा वगळल्या. जगातल्या कडक नियमांत आपले गणले जातात, आणि ते आपण लोकांच्या पत्रांच्या बळावर मिळवले याचा मला मनापासून अभिमान आहे.

सातपुड्यात गेल्यावर मात्र या अभिमानाला मर्यादा पडते. धडगाव, अक्कलकुव्याच्या कित्येक पाड्यांवर रेंज कुठे येते ती जागा ठरलेली असते: एखादी टेकडी, शाळेमागचं वळण, अमुक झाडाखालचा दगड. २०२०च्या टाळेबंदीत ऑनलाइन शाळा इथल्या पोरांपर्यंत पोहोचलीच नाही. ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची योजना २०११ साली मंजूर झाली, पुढे ती भारतनेट झाली, तरी डोंगरातलं अंतर पुरतं मिटलेलं नाही. नेट न्यूट्रॅलिटीने टॉवर उभा राहत नाही, हा विरोधकांचा मुद्दा मला मान्य आहे. पण त्यावरून निघणारा त्यांचा निष्कर्ष मान्य नाही. ‘कंपनी पटत नसेल तर दुसरी घ्या’ हे जळगावच्या ग्राहकाला सांगता येतं. जिथे एकाच कंपनीची रेंज येते, तिथल्या माणसाकडे दुसरी वाट नाही. तिथे नियम सैल करणं म्हणजे त्याला अर्धवट इंटरनेटवर समाधान मानायला सांगणं.

वाद आता नव्या वळणावर आहे. नेटफ्लिक्स, यूट्यूबसारख्या मोठ्या कंपन्यांनी जाळ्याच्या खर्चात वाटा उचलावा, अशी मागणी दूरसंचार कंपन्यांची संघटना करते आहे. जास्त पैसे भरणाऱ्या पोस्टपेड ग्राहकांना प्राधान्याचा वेग देऊ करणाऱ्या एअरटेल आणि व्होडाफोन आयडियाच्या योजनांना २०२० साली ट्रायने हरकत घेतली होती. ५जीत एकाच जाळ्याचे वेगवेगळे कप्पे करता येतात, त्यामुळे हा प्रश्न पुन्हा येणार. १८८५च्या तार कायद्याची जागा घेणारा २०२३चा दूरसंचार कायदा संसदेने केला, पण नेट न्यूट्रॅलिटी त्याच्या कलमांत नाही. ती आहे ट्रायच्या नियमात आणि परवान्याच्या अटीत, आणि आता परवान्यांचीच पद्धत बदलते आहे. नव्या मंजुऱ्यांत त्या अटी शब्दशः उतरतात का, हे बघावं लागेल.

सप्टेंबर २०२० मध्ये ट्रायने आणखी एक शिफारस केली होती: कंपन्या, तज्ज्ञ, ग्राहक संघटना यांना एकत्र घेऊन देखरेखीसाठी एक मंडळ नेमा, तक्रारींची चौकशी त्याच्याकडे द्या. असं मंडळ उभं राहीपर्यंत एखाद्या अॅपचा वेग मुद्दाम दाबला जातोय असा शहाद्याच्या ग्राहकाला संशय आला, तर त्याने आधी तक्रार करायची ती त्याच कंपनीच्या तक्रार केंद्राकडे, आणि अपील करायचं तेही त्याच कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे. ट्राय वैयक्तिक तक्रारी ऐकत नाही.