घरगुती स्वच्छताद्रव्ये (मराठवाडा)

भांडी, कपडे, फरशी, नळ आणि देवघरातली उपकरणी स्वच्छ करण्यासाठी स्वयंपाकघरातल्या, चुलीतल्या किंवा किराणा दुकानातल्या नेहमीच्या जिनसांपासून घरीच केलेली द्रव्ये. चिंच, लिंबू, ताक, मीठ, राख, रिठा, शिकेकाई, डाळीचे पीठ आणि खाण्याचा सोडा या त्यांतल्या मुख्य जिनसा. भारतात सगळीकडे त्या वापरात आहेत. मराठवाड्यात, म्हणजे छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड, परभणी, हिंगोली, नांदेड, लातूर आणि धाराशिव या आठ जिल्ह्यांत, त्यांच्या वापराला पाण्याने वळण दिले आहे. पाणी मुळात कमी, आणि बोअरमधून येते ते बहुधा जड. कशाने काय घासायचे, किती पाण्यात विसळायचे आणि ते पाणी कुठे टाकायचे, हे या दोन गोष्टींवरून ठरत आले आहे.

जड पाणी

मराठवाड्याचा बहुतेक भाग दख्खनच्या काळ्या बेसाल्ट खडकावर वसलेला आहे. या खडकाच्या भेगांतून मुरलेल्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळतात. असे पाणी बायका प्रयोगशाळेशिवाय ओळखतात: तुरीची डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, बादलीच्या काठावर पांढरा थर बसतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस १०५००) एकूण कठीणता लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत स्वीकारार्ह आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालण्याजोगी मानली आहे.

साबण जड पाण्यात पडला की त्यातली मेदाम्ले कॅल्शियमशी जोडली जातात आणि न विरघळणारा चिकट साका तयार होतो. कपड्यावर करडी झाक येते ती या साक्याची. जास्त साबण लावल्याने साका वाढतो आणि तो काढायला आणखी पाणी लागते. पाणीच नसेल तेव्हा हा खर्च परवडत नाही. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला पोहोचली, तेव्हा १० वाघिणींत मिळून सुमारे ५ लाख लिटर पाणी होते. हंड्यावर दिवस काढायची सवय असलेल्या या मुलखात कोरड्या राखेने भांडे घासून ओंजळभर पाण्यात विसळण्याची रीत टिकून राहिली, त्यामागे हा हिशेब आहे. तिच्याकडे केवळ जुनी चाल म्हणून पाहणे बरोबर नाही.

आंबट पदार्थ: चिंच, लिंबू, ताक

तांबे आणि पितळ हवेत काळवंडते, कारण धातूवर ऑक्साइडचा थर चढतो. चिंचेतले टार्टारिक आम्ल, लिंबातले सायट्रिक आम्ल आणि ताकातले लॅक्टिक आम्ल हा थर विरघळवते. मीठ घातले की काम लवकर होते: मिठातले क्लोराइड तांब्याला विरघळत ठेवायला मदत करते आणि त्याचे खडे घासणीचेही काम करतात. लिंबाएवढी चिंच थोड्या पाण्यात भिजवून कोळावी, त्यात अर्धा चमचा मीठ घालून भांड्याला चोळावी, पाच मिनिटांत धुवावी आणि लगेच कोरड्या फडक्याने पुसावी. पुसण्याचा कंटाळा केला तर जड पाण्याचे पांढरे ठिपके उरतात आणि सगळी मेहनत वाया जाते.

चिंचेला या भागात तोटा नाही. बांधाबांधावर झाडे आहेत, आणि लातूर जिल्ह्यातल्या निलंगा तालुक्यातील पानचिंचोलीच्या चिंचेला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. भांड्यांसाठी मात्र नवी चिंच लागत नाही. वरणाआमटीत घालून उरलेला चोथा, जुनी काळी पडलेली चिंच, पिळून झालेल्या लिंबाच्या फोडी, आंबून गेलेले ताक हेच वापरले जाते. आश्विनातल्या घटस्थापनेआधी घरोघरी ‘दसरा काढतात’: फडताळावरची सगळी भांडी खाली येतात, गोधड्या आणि वाकळा धुवायला निघतात, जाळे-जळमटे झाडली जातात. भाद्रपदात महालक्ष्म्या बसायच्या आधीही समया, घंगाळी, तांबे, ताम्हणे अंगणात मांडून घासली जातात. वर्षभराची चिंच अशा दोन-तीन दिवसांत संपते.

आतून कल्हई केलेल्या पितळी भांड्याला आतल्या बाजूने मीठ-चिंच चोळू नये. कल्हई हा कथलाचा पातळ थर असतो आणि घासल्याने तो झिजतो. कल्हई उडालेल्या भांड्यात आंबट पदार्थ कळकतो, म्हणजे त्यात तांब्याचे क्षार उतरतात, आणि तो पोटात गेल्यास मळमळ व उलट्या होतात. म्हणून तांब्यापितळेचे भांडे चिंचेने घासले की ते भरपूर विसळणे ही एकच जागा अशी आहे, जिथे पाण्याची काटकसर करू नये.

जड पाण्याचा पांढरा थर मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा असतो आणि तोही आंबटाने सुटतो. लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक आम्लाची पूड, किराणा दुकानात पुडीत मिळते. लिटरभर कोमट पाण्यात ते एक ते दोन चमचे विरघळवून फडके भिजवावे आणि नळाभोवती अर्धा तास गुंडाळून ठेवावे. बारीक बुडबुडे येतात, ते कार्बन डायऑक्साइडचे. उन्हाळ्यात इथे याचा सर्वात मोठा उपयोग कूलरसाठी होतो. कूलरचे पाणी उडून जाते आणि क्षार मागे राहतात. गवताच्या जाळ्या कडक होऊन हवा अडते, पंपाचे तोंड बुजते. दर पंधरा दिवसांनी टाकीतले जुने पाणी काढून टाकावे आणि लिंबूसत्त्वाच्या पाण्यात पंप अर्धा तास बुडवून ठेवावा. तत्पूर्वी वीजजोडणी काढलेली असली पाहिजे. फार कडक झालेली जाळी पुन्हा मऊ होत नाही, ती बदलावी लागते.

आंबट कशाला लावू नये

मराठवाड्यातल्या जुन्या-नव्या असंख्य घरांत शहाबादी फरशी आहे आणि ओट्याला कडप्पा. हे दोन्ही चुनखडीचे दगड. नळावरचा थर ज्या कारणाने विरघळतो त्याच कारणाने ही फरशीही आम्लात विरघळते. लिंबू किंवा व्हिनेगर सांडून राहिले की फिकट, खडबडीत डाग उठतो आणि तो घासून जात नाही, दगड पुन्हा घोटावाच लागतो. ‘फरशी पुसायच्या पाण्यात व्हिनेगर टाका’ हा सर्रास दिला जाणारा सल्ला चिनी मातीच्या टाइल्ससाठी ठीक आहे, शहाबादीसाठी घातक आहे. तिला नुसते पाणी किंवा रिठ्याचे पातळ पाणी पुरते. संगमरवरी देव्हाऱ्यालाही हाच नियम लागू.

छत्रपती संभाजीनगरात बनणाऱ्या बिदरी वस्तूंनाही, म्हणजे काळ्या धातूवर चांदीची नक्षी असलेल्या वस्तूंना, चिंच लावू नये. बिदरीचा मूळ धातू जस्त-तांब्याचा असतो आणि त्यात जस्त फार जास्त. आम्लाने जस्त खाल्ले जाते आणि मुद्दाम आणलेला काळा रंग उडतो. त्या वस्तू खोबरेल तेलाच्या बोटाने हलके पुसतात.

राख

चुलीतली राख हे या प्रदेशातले सर्वात जुने आणि फुकटचे द्रव्य. इथल्या चुलीत तुराट्या, पऱ्हाट्या, बाभळीच्या फांद्या आणि गोवऱ्या जळतात. लाकडी राखेत पोटॅशियम कार्बोनेट असते. पाण्यात ते विरघळले की द्रावण चांगलेच अल्कधर्मी होते आणि तेलकटपणाचे अंशतः साबणात रूपांतर करते. राखेचे बारीक कण खरवडतात, तेलही शोषतात. ज्वारीची धसकटे किंवा कडबा जाळून झालेल्या राखेत गवतवर्गीय वनस्पतींमुळे सिलिका जास्त असते, त्यामुळे ती अधिक खरखरीत लागते: लोखंडी तवा आणि कढईला उत्तम, स्टीलच्या ताटाला ओरखडे पाडणारी.

राख वापरण्याआधी चाळून घेतात. घासायला काथ्या, सुकलेल्या घोसाळ्याची जाळी किंवा गोणपाटाचा तुकडा घेतात. चुलीवर चढवण्याआधी पातेल्याला बाहेरून राख-मातीचा ओला लेप दिला, तर काजळी लेपावर बसते आणि धुताना लेपासकट निघून येते. हा लेप अजूनही मोठ्या पंगतीच्या भांड्यांना देतात.

अल्युमिनियमला, म्हणजे घरात ज्याला ‘जर्मन’ म्हणतात त्या भांड्यांना, राख आणि सोडा दोन्ही वर्ज्य. अल्कलीने हा धातू विरघळतो आणि काळा पडतो. काळ्या पडलेल्या जर्मनच्या पातेल्यात पाणी आणि चिंचेचे टरफल किंवा लिंबाच्या साली घालून दहा मिनिटे उकळले की ते उजळते.

प्लास्टिक, रबर किंवा रंगवलेले लाकूड जळलेल्या चुलीची राख भांड्यांना लावू नये, तिच्यात शिसे आणि इतर जड धातू असू शकतात. ओल्या राखेने हात फार वेळ भरलेले ठेवले तर कातडी सोलते.

राखेच्या जोडीला खार. मराठवाड्याच्या सीमेलगत, बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवराचे पाणी सोडियम कार्बोनेटने भरलेले आहे, आणि तिथे पूर्वी क्षार काढले जात. काच आणि साबण करण्याचे साहित्य लोणारला मिळते, अशी नोंद अकबराच्या काळातल्या ‘आइने-अकबरी’त आहे.

रिठा, शिकेकाई, हिंगणबेट

जड पाण्यावरचे खरे उत्तर रिठा आहे. रिठ्याच्या फळाच्या सालीत सॅपोनिन असते. ते पाण्याचा पृष्ठताण कमी करून मळ सोडवते, आणि त्याची रचना साबणासारखी नसल्याने कॅल्शियमशी जुळून साका होत नाही. फेस थोडा कमी आला तरी काम होते. फेसालाच स्वच्छता समजणाऱ्यांना हे पटायला वेळ लागतो.

काष्ठौषधीच्या दुकानातून रिठे आणावेत. दहा-बारा रिठ्यांची साल (बी काढून) लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवावी, सकाळी पंधरा-वीस मिनिटे मंद उकळावी, निवल्यावर कुस्करून गाळावी. हे पाणी उन्हाळ्यात बाहेर ठेवल्यास एक-दोन दिवसांत आंबते. फ्रिजमध्ये आठवडाभर टिकते. रेशीम आणि लोकर ही प्रथिनांची बनलेली असतात, अल्कलीने ती कमजोर होतात. रिठ्याचे पाणी किंचित आम्लधर्मी असल्याने त्यांना सोसते. पैठणी मात्र घरी भिजवू नये, असेच या लेखकाचे मत आहे: पोत सांभाळला गेला तरी जरीचे आणि पक्क्या नसलेल्या रंगाचे काही सांगता येत नाही. डाग पडलाच तर साधे सुती फडके रिठ्याच्या पाण्यात पिळून तेवढाच भाग टिपावा, तोही आधी आतल्या टोकावर पाहून.

शिकेकाईच्या शेंगा केसांसाठी प्रसिद्ध आहेत. तिच्या आंबटपणामुळे त्यांचे पाणी पितळेलाही चालते. कोरडवाहू रानात वाढणारे काटेरी हिंगणबेट हे तिसरे साबणझाड. त्याच्या फळाचा चिकट गर बाठीभोवती असतो आणि तो पाण्यात चोळला की फेस येतो. शहरात हे फळ ओळखणारे आता कमी राहिले आहेत.

रिठ्याचे पाणी डोळ्यांत गेल्यास जबर आग होते. लहान मुलांच्या हाताला लागेल अशा जागी ते पेयाच्या बाटलीत भरून ठेवू नये.

सोडा, पीठ आणि मिश्रणे

खाण्याचा सोडा (सोडियम बायकार्बोनेट) सौम्य अल्कली आणि मऊ घासणी आहे. चहाचे डाग पडलेले कप, फ्रिजचा वास, जळकटलेले स्टीलचे बूड यांना तो चालतो. धुण्याचा सोडा (सोडियम कार्बोनेट) कितीतरी तीव्र असतो. तो पाण्यातले कॅल्शियम खाली बसवून पाणी मऊ करतो, म्हणून कपड्यांच्या बादलीत साबणाआधी तो थोडा घातला तर साबण निम्म्याने वाचू शकतो. दोन्ही सोड्यांच्या पुड्या दिसायला सारख्या, त्यामुळे डब्यावर नाव लिहून ठेवावे.

सांडलेल्या तेलावर आधी ज्वारीचे पीठ किंवा कोंडा टाकून ते टिपून घेतात, मग धुतात. डाळीचे पीठही तेच करते, पण ज्वारीचा कोंडा स्वस्त पडतो.

सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून बाटलीत भरण्याची शिफारस सगळीकडे ऐकू येते. आम्ल आणि अल्कली एकमेकांना मारतात, वायू उडून जातो आणि बाटलीत सोडियम ॲसिटेटचे जवळजवळ निरुपयोगी पाणी राहते. झाकण घट्ट असेल तर बाटली फुटतेही. दोन्ही वेगवेगळे वापरावेत. विहिरीत टाकायला आणलेल्या ब्लीचिंग पावडरीत लिंबू, चिंच, व्हिनेगर किंवा संडास धुण्याचे ॲसिड कधीच मिसळू नये. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद मोरीत तो जीवावर बेततो.

या सगळ्या द्रव्यांनी मळ निघतो, जंतू मरतीलच असे नाही. घरात जुलाब-उलट्यांचा रुग्ण असेल तर त्याची भांडी उकळत्या पाण्यातून काढावीत आणि संडासासाठी ब्लीचिंग पावडरच वापरावी.

सालींचे आंबवण

अलीकडे महिला बचतगटांत ‘बायोएन्झाइम’ लोकप्रिय आहे. थायलंडच्या रोसुकॉन पूम्पानवाँग यांनी प्रसार केलेल्या कृतीनुसार १ भाग गूळ, ३ भाग फळांच्या साली आणि १० भाग पाणी तीन महिने आंबवतात. पहिला महिनाभर झाकण रोज सैल करून वायू सोडावा लागतो. जालन्याच्या मोसंबीच्या सालींचे आंबवण चांगले होते, सालीतल्या तेलामुळे त्याला सुवासही राहतो. यात स्वच्छता करणारा मुख्य घटक किण्वनात तयार झालेले ॲसेटिक आम्ल असते, म्हणजे हेही एक आंबटच. शहाबादीबाबतची सूचना त्यालाही लागू.

सांडपाणी

पाणीटंचाईच्या गावात भांड्यांचे पाणी परसातल्या आळूला, केळीला किंवा लिंबाला जाते. राखेच्या पाण्यातून पोटॅश मिळते, पण सतत टाकल्यास माती अल्कधर्मी होते. सोड्याचे पाणी झाडांना अजिबात घालू नये. त्यातले सोडियम काळ्या मातीच्या चिकण कणांवर बसते, माती फुगते, पाणी मुरेनासे होते आणि जमीन चोपण बनते. असे पाणी शोषखड्ड्यात सोडावे. नांदेड जिल्ह्यात हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णी गावाने घरोघरी शोषखड्डे घेऊन उघडी गटारे बंद केली आणि डासमुक्त गाव म्हणून नाव मिळवले. रिठा, शिकेकाई आणि हिंगणबेटाचे पाणी आड, बारव किंवा गावतळ्यात जाऊ देऊ नये. सॅपोनिन माशांच्या कल्ल्यांना इजा करते आणि थोडे पाणीसुद्धा त्यांना मारायला पुरते.