जुनं आउटबोर्ड आणि इथेनॉलचं पेट्रोल: हा प्रश्न मुळात आला कुठून

ज्याच्याकडे जुनं टू-स्ट्रोक आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून लावायचं इंजिन, आहे तो आज ना उद्या हे विचारतोच, की इथेनॉलवालं, म्हणजे अल्कोहोल मिसळलेलं, पेट्रोल घालू का बिना-इथेनॉलचं शोधू. उत्तर तसं सोपं आहे, मिळत असेल तर बिना-इथेनॉलचं घाला, दुसरा विचार करू नका. पण ते काही ठिकाणी सहज का मिळतं आणि आपल्याकडे का नाही, याच्यामागे शंभर वर्षांचा इतिहास आहे. आणि तो वाचताना एक गोष्ट परत परत दिसते, पेट्रोलमधे काय घालायचं हे दर वेळी गाड्यांकडे बघून ठरलं, कधी शेतकऱ्याकडे बघून, कधी शहराच्या हवेकडे बघून, होडीचा विचार झालाच तर सगळ्यात शेवटी.

आउटबोर्डला लोकप्रिय केलं ओले एव्हिनरूडने, नॉर्वेत जन्मलेला माणूस, अमेरिकेत मिलवॉकीला राहायचा, १९०९ पासून त्याची इंजिनं विकली जायला लागली. त्यानंतरची कितीतरी दशकं ही इंजिनं साध्या पेट्रोलसाठीच बनली, म्हणजे कार्बोरेटरचं जेट (ज्या भोकातून पेट्रोल येतं ते) ठरलेल्या मापाचं, पाइप साध्या रबराचे, जुन्या मॉडेलमधे तर कार्बोरेटरचा फ्लोट बुचाच्या लाकडाचा आणि वर शेलॅकचा लेप. शेलॅक अल्कोहोलमधे विरघळतं, फर्निचरला पॉलिश करणारा कुणीही सांगेल. तेव्हा कुणाला स्वप्नातही वाटलं नसणार की पेट्रोलमधून अल्कोहोल येईल.

खरं तर अल्कोहोल तेव्हाच येऊ शकलं असतं. इंजिनातलं नॉकिंग, म्हणजे पेट्रोल अवेळी पेटून होणारी ठकठक, थांबवायला काहीतरी हवं होतं आणि अल्कोहोलने ते थांबतं हे माहीत होतं, पण १९२१ च्या डिसेंबरमधे जनरल मोटर्सच्या थॉमस मिजलीला शिशाचं संयुग सापडलं, ते अगदी थोडं लागायचं, स्वस्त पडायचं आणि त्याच्यावर पेटंट मिळत होतं, म्हणून पुढची पन्नास वर्षं पेट्रोलमधे शिसं राहिलं.

अल्कोहोलची पाळी आली १९७३ च्या तेलसंकटानंतर. ब्राझीलने १९७५ मधे उसाच्या अल्कोहोलचा सरकारी कार्यक्रम सुरू केला, अमेरिकेने १९७८ मधे १० टक्के मिश्रणाच्या दर गॅलनमागे ४ सेंटचा कर माफ केला, तिकडे मका भरपूर म्हणून मक्यापासून. मग १९९० चा स्वच्छ हवेचा कायदा, १९९५ पासून मोठ्या शहरांत पेट्रोलमधे ऑक्सिजनवाला घटक सक्तीचा, आणि कंपन्यांनी बहुतेक ठिकाणी त्यासाठी एमटीबीई नावाचं रसायन वापरलं. ते जमिनीत झिरपलं, १९९६ मधे कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिकाच्या पिण्याच्या पाण्याच्या विहिरी बंद कराव्या लागल्या, एकेका राज्याने बंदी घातली आणि त्याच्या जागी आलं इथेनॉल. २००५ आणि २००७ च्या केंद्रीय कायद्यांनी तर दरवर्षी किती जैवइंधन मिसळायचं त्याचे आकडेच ठरवून दिले.

होडीवाल्यांना पहिला मोठा दणका बसला तो न्यूयॉर्क आणि कनेक्टिकटच्या किनाऱ्यावर, तिथे १ जानेवारी २००४ पासून एमटीबीई बंद झालं आणि इथेनॉल आलं. साठ-सत्तरच्या दशकातल्या मोठ्या बोटींना फायबरग्लासच्या टाक्या होत्या, त्या काळातलं रेझिन अल्कोहोलमधे टिकेना, टाकीच आतून विरघळायला लागली आणि तो काळा चिकट थर इंजिनाच्या व्हॉल्व्हवर जाऊन बसला. गाड्यांना काही झालं नाही कारण गाड्यांच्या टाक्या पत्र्याच्या किंवा प्लास्टिकच्या.

आउटबोर्डची टाकी बहुतेक वेगळी असते, त्यामुळे तिथला त्रास निराळा. होडीची टाकी हवेला उघडी असते, झाकणाला वेंट असतो, आणि ती पाण्यावर असते, दमट हवेत, आठवडेच्या आठवडे अर्धी भरलेली. इथेनॉल पाणी ओढतं. १० टक्के इथेनॉल असलेलं पेट्रोल साधारण १५ अंश तापमानाला अर्धा टक्का पाणी पोटात ठेवू शकतं, म्हणजे १० लिटरला ५० मिली, त्याच्यापुढे गेलं की पाणी आणि इथेनॉल हातात हात घालून पेट्रोलमधून बाहेर पडतात आणि टाकीच्या तळाशी थर होतो. २० टक्केवाल्यात पाणी थोडं जास्त मावतं पण सुटलं की खालचा थर पण मोठा. आता टू-स्ट्रोकमधे तेल पेट्रोलमधे मिसळलेलं असतं, ५० ला १, आणि टू-स्ट्रोकचं तेल त्या खालच्या थरात राहत नाही, वरच्या पेट्रोलमधेच राहतं. पण पाइप तर तळातूनच खेचतो! म्हणजे चालता चालता इंजिनाला अशी धार मिळते ज्यात नीट जळणारं इंधन नाही आणि वंगण पण नाही. फोर-स्ट्रोकला तेल वेगळं असतं म्हणून ते नुसतं बंद पडतं, टू-स्ट्रोकचा पिस्टन चिकटू शकतो.

दुसरी गोष्ट मिश्रणाची. इथेनॉलमधे वजनाने जवळजवळ ३५ टक्के ऑक्सिजन असतो, म्हणून त्याला हवा कमी लागते, आणि जुन्या कार्बोरेटरचं जेट तेच राहिलं तर मिश्रण लीन होतं, म्हणजे हवा जास्त आणि इंधन कमी, इंजिन गरम चालतं. नव्या गाडीत सेन्सर हे सांभाळून घेतो, १९८५ च्या आउटबोर्डला सेन्सर कुठला. १० टक्क्यांपर्यंत फरक छोटा आहे, कंपन्यांनी पण नंतर १० टक्क्यांपर्यंत चालेल असं लिहून दिलं, २० ला मात्र तो दुप्पट होतो. २०१० मधे अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने १५ टक्केवाल्याला मान्यता दिली ती आधी २००७ पासूनच्या गाड्यांना, मग जानेवारी २०११ मधे २००१ पासूनच्या गाड्यांना, बोटींना दिलीच नाही, आणि त्या पंपावरच्या केशरी लेबलवर बोटीत घालू नका असं स्पष्ट लिहायला लावलं.

मला सगळ्यात शिकण्यासारखं वाटतं ते अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याचं उदाहरण. मक्याचं राज्य, इथेनॉलचे कारखाने तिथलेच, १९९७ पासून राज्यभर बारा महिने इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल सक्तीचं. पण त्याच राज्यात दहा हजारांहून जास्त तळी आणि आठ लाखांच्या आसपास नोंदणी झालेल्या बोटी. म्हणून कायद्यातच सवलत ठेवली, ९१ ऑक्टेनचं प्रीमियम पेट्रोल बिना-इथेनॉलचं विकता येईल, जुन्या संग्रहातल्या गाड्या, मोटरसायकली, बोटी, स्नोमोबाइल आणि छोट्या इंजिनांसाठी, आणि पंपावर तशी पाटी. गंमत म्हणजे याच मिनेसोटाने २००५ मधे कायदा केला होता की २०१३ पर्यंत २० टक्के इथेनॉल आणायचं, केंद्राची परवानगी मिळाली नाही म्हणून ते राहिलं. म्हणजे इथेनॉलवर एवढं प्रेम असलेल्या राज्यालाही होडीवाल्यासाठी एक नोझल बाजूला ठेवायला अवघड गेलं नाही.

आता आपल्याकडे या. पेट्रोलमधे अल्कोहोल ही कल्पना इथे पण जुनीच, १९४८ चा पॉवर अल्कोहोल कायदा होता, तो २००० मधे रद्द झाला. आणि लगेच २००१ मधे नव्याने प्रयोग सुरू झाले त्यातले दोन आपल्याच मिरजेला आणि मनमाडला, तिसरा उत्तर प्रदेशात बरेलीला. २००३ मधे नऊ राज्यांत ५ टक्के, मग पुरवठा कमी पडला म्हणून मागे-पुढे, २०१८ चं जैवइंधन धोरण, जून २०२२ मधे १० टक्के पूर्ण, ६ फेब्रुवारी २०२३ ला बंगळूरला ई२० चं, म्हणजे २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलचं, उद्घाटन आणि २०२५ मधे देशभर २० टक्के. साखर कारखान्यांना यातून पैसा मिळाला, ऊसवाल्याची बिलं निघायला मदत झाली, हे चांगलंच आहे आणि त्याला माझा अजिबात विरोध नाही.

पण चाचण्या बघा. नीती आयोगाच्या जून २०२१ च्या आराखड्यात पुण्याच्या एआरएआय या वाहनांच्या चाचण्या करणाऱ्या संस्थेच्या अभ्यासाचा हवाला आहे, धातूंना ई२० चा त्रास नाही पण रबरी भाग साध्या पेट्रोलपेक्षा कमी टिकले. मायलेजचे आकडे दिलेत ते चारचाकी आणि दुचाकीचे. त्याच आराखड्यात जुन्या गाड्यांसाठी ई१० (१० टक्केवालं) हे संरक्षक इंधन म्हणून चालू ठेवावं असं सुचवलं होतं. तसं झालं नाही, पंपावर साध्या पेट्रोलमधे पर्याय उरला नाही, बिना-इथेनॉलचा पर्याय द्या म्हणून केलेली याचिका सुप्रीम कोर्टाने १ सप्टेंबर २०२५ ला फेटाळली. मिनेसोटात मका आणि तळी एकाच राज्यात आहेत म्हणून तोडगा निघाला. महाराष्ट्रात पण ऊस आणि समुद्र एकाच राज्यात आहेत, मालवण, रत्नागिरी, अलिबागच्या दोन-चार किनारी पंपांवर ई१० चं एक नोझल ठेवायला काय हरकत आहे, मी तरी हे मागत राहणार.

तोपर्यंत करायचं काय. मोजक्या पंपांवर १०० ऑक्टेनचं महाग पेट्रोल मिळतं, लोक ते बिना-इथेनॉलचं म्हणून घेतात, लिटरला दीडशेच्या वर, जास्त ऑक्टेनने जुन्या इंजिनाची ताकद वाढत नाही, फायदा असलाच तर इथेनॉल नसण्याचा, म्हणून आधी तपासा. अरुंद मोजपात्रात १० मिली पाणी, त्यावर १०० मिली पेट्रोल, झाकून हलवा, पाच-दहा मिनिटं ठेवा, पाण्याची रेघ वर सरकली तर इथेनॉल आहे.

ई२० च घालायचं असेल तर पाइप, प्रायमर बल्ब, फ्युएल पंपाचा डायफ्राम आणि कार्बोरेटरची सील इथेनॉल सोसणारी बसवून घ्या, पाणी वेगळं करणारा फिल्टर लावा, जेट एक नंबर मोठं लागेल का ते जाणत्या मेकॅनिकला प्लगचा रंग दाखवून ठरवा. तेल मिसळलेलं पेट्रोल दोन-तीन आठवड्यांत संपेल एवढंच करा. आणि १ जूनला मासेमारीची पावसाळी बंदी लागली, होडी वर ओढली, की टाकीत एक थेंब ठेवू नका, उरलेलं पेट्रोल जुनं व्हायच्या आत दुसरीकडे वापरून टाका, इंजिनाला थंड ठेवणारं पाणी देत ते चालू ठेवून पेट्रोलचा पाइप काढा, कार्बोरेटर कोरडं होऊन इंजिन आपोआप बंद पडू द्या, मग तळाचा स्क्रू उघडून राहिलेलं पण काढा. जून-जुलैच्या त्या हवेत भरून ठेवलेली टाकीच सगळ्यात जास्त इंजिनं खाते.