खालचा गुंता, वरचा दोष

हाताने घातलेल्या धावदोऱ्यात एकच दोरा असतो. तो किती ओढायचा हे बोटं ठरवतात. जुन्या साड्यांची गोधडी मशीनवर शिवायला घेतली की हिशेब बदलतो. वरून रिळाचा दोरा येतो, खालून बॉबिनचा, म्हणजे मशीनच्या पोटातल्या छोट्या फिरकीचा, आणि दोघांचा विळखा पडायला हवा गोधडीच्या पोटात, थरांच्या मधोमध. इलायस हाउ यांनी १८४६ साली अमेरिकेत ज्या मशीनचं पेटंट घेतलं, तिचा टाका असाच दोन दोऱ्यांचा होता. लालबागच्या चाळीत असो की बोरिवलीच्या फ्लॅटमध्ये, घरातल्या मशीनवर आजही तोच टाका पडतो.

जो दोरा जास्त ताणलेला, तो विळखा आपल्याकडे खेचतो. वरचा दोरा सैल असला की खालचा त्याला खाली ओढून नेतो आणि गोधडीच्या पाठीवर वरच्या दोऱ्याची वेटोळी जमतात. म्हणजे गुंता दिसतो खाली, पण दोष बहुतेक वेळा वर असतो. याउलट वरच्या बाजूला बॉबिनच्या दोऱ्याचे ठिपके दिसले, तर वरचा दोरा जास्त घट्ट आहे किंवा खालचा सैल. एवढी एक गोष्ट पक्की माहीत असली तरी अर्धा त्रास वाचतो. गुंता खाली दिसला म्हणून बॉबिन केसचा, म्हणजे बॉबिन बसते त्या डबीचा, स्क्रू पिळायला घेणं हा सगळ्यात महागात पडणारा उपाय, कारण त्यात नीट बसलेला ताणही बिघडतो.

वरचा ताण येतो कुठून? दोरा आधी दोन चकत्यांमधून सरकतो. स्प्रिंग त्या चकत्या एकमेकींवर दाबून धरते आणि त्या दाबाने दोऱ्याच्या ताणात ठरावीक भर पडते. ही झाली बेरीज. पुढे दोरा आकड्यांवरून, वर-खाली होणाऱ्या दांड्याच्या भोकातून आणि शेवटी सुईच्या नेढ्यातून वळत जातो. तिथे गुणाकार सुरू होतो. भाऊच्या धक्क्यावर बोट लागली की खलाशी दोरखंडाचे दोन-तीन वेढे खुंट्याला देतो आणि एवढी जड बोट हाताने थोपवून धरतो. यामागचं गणित १८व्या शतकात लिओनार्ड ऑयलर यांनी मांडलं. घर्षणांक, म्हणजे घर्षणाचं माप, ०.३ धरला तर एका पूर्ण वेढ्यात ताण साधारण ६.६ पट होतो आणि दोन वेढ्यांत ४३ पट! मशीनवरची वळणं इतकी मोठी नसतात, पण नियम तोच लागू होतो. रिळाच्या खाचेत दोरा जरासा अडकला, तर तो अडथळा सुईपाशी वाढूनच पोचतो. म्हणून टेन्शनचा, म्हणजे चकत्यांवरचा दाब कमी-जास्त करणारा, नट फिरवण्याआधी रीळ मोकळं फिरतंय ना, हे बघावं.

त्यानंतर दोरा पूर्ण काढून पुन्हा ओवावा, आणि ओवताना फूट, म्हणजे कापड दाबून धरणारा पाय, वर उचललेला असावा. फूट वर असला की बहुतेक मशीनमध्ये चकत्या उघडतात आणि दोरा आत नीट बसतो. फूट खाली ठेवून ओवलं तर दोरा चकत्यांच्या कडेवरच राहतो. मग नट कितीही आवळा, ताण येतच नाही. चकत्यांमध्ये कापसाचे तंतू साचले असतील तरी हेच घडतं, कारण त्या पूर्ण मिटत नाहीत. मुंबईच्या पावसाळ्यात याकडे जास्त लक्ष द्यावं लागतं. हवेची आर्द्रता ६५ टक्के असते तेव्हा सुती दोरा आपल्या कोरड्या वजनाच्या साधारण ८ टक्के पाणी शोषून बसलेला असतो, आणि जुलैतली इथली हवा त्याहून कितीतरी दमट. असा दोरा किंचित फुगतो, त्याचं घर्षणही बदलतं. पॉलिएस्टर जेमतेम अर्धा टक्का पाणी घेतो. त्याची खोड निराळी: जास्त ताणून शिवलं तर तो लांबतो, मागाहून आखडतो आणि कापडाला चुण्या पडतात.

चाचणी घ्यायची ती नुसत्या सुती तुकड्यावर नको. गोधडीत जेवढे थर आहेत तेवढेच थर चिंध्यांचे रचा, वर लाल दोरा आणि खाली पांढरा घाला. दोष कुणाचा ते रंगच सांगतात. सुई ९० किंवा १०० नंबरची, म्हणजे ०.९ किंवा १ मिलिमीटर जाडीची घ्या. टाक्यात बसण्याआधी दोऱ्याचा तोच भाग नेढ्यातून पुन:पुन्हा मागेपुढे घासला जातो. नेढं अरुंद असलं तर तो तिथेच विसविशीत होऊन तुटतो.

कापड पुढे सरकवणारे दाते खाली करून हाताने नक्षी शिवताना मात्र टेन्शन बरोबर असूनही गोल वळणांवर पाठीमागे वेटोळी येतात. हात मशीनपेक्षा पुढे पळाला की टाके लांब होतात. ताणलेला बॉबिनचा दोरा वळणाचा आतला, जवळचा मार्ग धरतो आणि वरच्या दोऱ्याला सोबत ओढतो. इथे नटाला हात लावू नका. वळणावर हात हळू करा, मशीनचा वेग तोच ठेवा. टेबलावरून लोंबणारी गोधडीही सुईला वाकवते, तेव्हा शेजारी खुर्ची किंवा पलंग सरकवून तिचं वजन त्यावर ठेवा.

इतकं करूनही टाका जुळला नाही, तरच बॉबिन केसकडे वळा. आधी स्क्रूची खाच कुठे आहे त्याची खूण करून ठेवा. केस काढता येत असेल तर बॉबिनसकट दोऱ्याला धरून लोंबकळत सोडा. ती आपल्या वजनाने घसरत गेली तर सैल आहे, हलका झटका देऊनही हलली नाही तर घट्ट. जराशा झटक्याला थोडी उतरून थांबली तर ठीक. स्क्रू फिरवायचा तो एका वेळी पाव फेऱ्याहूनही कमी, आणि प्रत्येक वेळी पुन्हा चिंधीवर शिवून बघायचं.