खड्डा पाडणारं मशीन आणि खांब ठोकणारं मशीन

शेती अवजारांच्या दुकानात जाऊन ‘कंपाउंडचे खांब रोवायचं मशीन आहे का?’ असं विचारलं, तर दुकानदार बहुतेक वेळा ‘अर्थ ऑगर’ (इंग्रजीतलं ‘अर्थ’, म्हणजे माती) पुढे करतो. वर पेट्रोलचं छोटं इंजिन, दोन्ही बाजूंना हँडल आणि खाली स्क्रूसारखं लांब पातं. हे मशीन खांब रोवत नाही, खांबासाठी खड्डा पाडतं. खांब थेट जमिनीत ठोकणारं मशीन वेगळं, त्याचं नाव पोस्ट ड्रायव्हर. ऑस्ट्रेलिया किंवा अमेरिकेत कुंपणाची कामं घेणाऱ्यांकडे ते बऱ्याचदा असतं. आपल्याकडे त्याची ओळख बरीचशी मोबाइलवरच्या व्हिडिओंमधून झाली आहे. व्हिडिओ बघून हुरळून मागवलेलं मशीन घरी आलं की मग लक्षात येतं, आपले सिमेंटचे पोल त्याच्या तोंडात जातच नाहीत.

लांबून दोन्ही सारखीच दिसतात, म्हणून हा घोळ होतो. दोन्हींना लहान इंजिन, दोन हँडल, धरायला एक माणूस. पण ऑगर माती उकरून बाहेर काढतो आणि ड्रायव्हर माती जागच्या जागी दाबून बाजूला सारतो. एवढ्या एका फरकामुळे दोघांची रचना, वजन, धोके आणि चालणारे खांब, सगळंच वेगळं होतं.

आधी ऑगर, कारण तो समजायला सोपा. त्यावर साधारण ५२ किंवा ६३ सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन असतं. ते मिनिटाला सात-आठ हजार फेरे घेतं. एवढ्या वेगाने पातं फिरवून उपयोग नाही, म्हणून मध्ये क्लच आणि गिअरबॉक्स बसवून वेग तीस-चाळीस पटींनी खाली आणतात. वेग जितक्या पटींनी उतरतो, पिळाचा जोर (टॉर्क) तितक्याच पटींनी चढतो. २ किलोवॅटचं इंजिन ८,००० फेऱ्यांवर जेमतेम २.४ न्यूटन-मीटर पीळ देतं. तेच चाळीस पट उतरवून २०० फेऱ्यांवर आणलं, की पात्याला ९५ न्यूटन-मीटरच्या आसपास मिळतात, घर्षण सोडून.

आता हा पीळ जमिनीत जातो तेवढाच उलट दिशेने हँडलमध्येही येतो. हँडलच्या दोन मुठींमध्ये ६० सेंटिमीटर अंतर धरलं, तर प्रत्येक हातावर सोळा किलोंचा जोर येतो. तेवढा माणूस पेलतो. पण पातं मुरमातल्या गोट्यात किंवा बाभळीच्या मुळीत अडकलं, की फिरत्या इंजिनात साठलेला सगळा जोर क्षणात बाहेर पडतो आणि मशीनच माणसाभोवती फिरायला बघतं. मनगट मुरगळणं, बरगडीला हँडल लागणं हे त्यातूनच होतं. म्हणून ऑगर निवडताना सीसी नंतर बघावा, आधी हँडल बघावं. ते रुंद हवं, आणि क्लच झटकन सुटणारा हवा. काही चांगल्या मशीनवर चालवणाऱ्याच्या मांडीजवळ एक पट्टी असते, मशीन उलटं फिरून ती मांडीला टेकली की पात्याला ब्रेक लागतो. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या स्वस्त मशीनवर ही सोय सहसा दिसत नाही, आणि तिची चौकशीही कोणी करत नाही.

ड्रायव्हरमध्ये पिळाचा प्रश्नच नाही. तिथे ठोक्याचा प्रश्न आहे आणि तो जास्त अवघड आहे.

ड्रायव्हरचं इंजिन आश्चर्य वाटावं इतकं लहान असतं. बऱ्याच मशीनवर होंडाचं जीएक्स ३५ दिसतं: ३५.८ सीसी, फोर-स्ट्रोक, सुमारे १ किलोवॅट. ते कुठल्याही कोनात तिरपं करून चालवता येतं, आणि इथे ते गरजेचं आहे, कारण हे मशीन आडवं-उभं होतच राहतं. इंजिन क्लच आणि गिअरमधून क्रँक फिरवतं, क्रँक एका नळीत दट्ट्या वर-खाली करतो. इथपर्यंत काही नवल नाही. पण हा दट्ट्या खांबावर आपटत नाही. त्याच्या खाली त्याच नळीत एक सुटा, भरीव लोखंडी हातोडा असतो, आणि दोघांच्या मध्ये असते फक्त कोंडलेली हवा. दट्ट्या खाली आला की हवा दाबली जाते आणि हातोडा फेकला जातो, दट्ट्या वर गेला की हातोडाही मागोमाग ओढला जातो. हातोडा ऐरणीवर बसतो, ऐरण खांबाच्या डोक्यावर टेकलेली असते.

ही हवेची उशी काढून दट्ट्या थेट हातोड्याला जोडला असता, तर प्रत्येक ठोक्याचा हादरा क्रँकला आणि गिअरच्या दातांना बसला असता आणि मशीन फार दिवस टिकलं नसतं. भिंत फोडायच्या ब्रेकरमध्ये आणि रोटरी हॅमर ड्रिलमध्ये हीच युक्ती असते. त्यामुळेच ब्रेकरला खांबाच्या मापाचा टोप बसवून त्याचा कामचलाऊ ड्रायव्हर करता येतो. अडचण इतकीच, की ब्रेकर खाली रोखून कमरेच्या उंचीवर चालवायला बनवलेला असतो, आणि इथे तो डोक्याच्या वर धरावा लागतो.

चांगल्या ड्रायव्हरमध्ये आणखी एक बारकावा असतो. मशीन खांबावरून उचललं की ऐरण थोडी खाली घसरते, हातोडा तिच्यामागे खाली जातो, नळीला असलेलं एक भोक उघडतं आणि उशीतली हवा निसटते. दट्ट्या हलत राहतो, हातोडा मात्र जागेवर बसून राहतो. म्हणजे खांब नसताना ठोका पडत नाही.

आता ठोक्याच्या ताकदीबद्दल. पेट्रोलच्या मशीनच्याही आधीपासून हाताचा ड्रायव्हर आहे: एका तोंडाने बंद असलेला जाड पाइप आणि त्याला दोन कड्या. खांबावर घालायचा, उचलायचा, आपटायचा. १५ किलोंचा असा पाइप ६० सेंटिमीटर उचलून सोडला, तर एका ठोक्यात ८८ ज्यूल (ज्यूल म्हणजे ऊर्जेचं माप) मिळतात. १ किलोवॅटचं मशीन मिनिटाला हजार ठोके देत असेल आणि निम्मी ताकद वाटेत गेली असं धरलं, तर एका ठोक्याला येतात ३० ज्यूल. म्हणजे हाताचा एक ठोका मशीनच्या एका ठोक्याच्या जवळपास तिप्पट! मशीन जिंकतं ते संख्येवर. माणूस मिनिटाला वीस ठोके देऊन लवकरच दमतो, मशीनचे हजार चालूच राहतात.

हा हिशेब नुसता गमतीचा नाही. ठोका लहान असेल आणि जमीन घट्ट असेल, तर खांब किंचित दबतो आणि परत वर येतो, पुढे सरकत नाही. असे हजार ठोके मारले तरी बेरीज शून्य. अशा थरावर मशीन रेटत राहण्यात अर्थ नसतो. तिथे मोठा, संथ ठोका लागतो, किंवा आधी पहारीने वाट करून द्यावी लागते.

मग ठोका मोठा का करत नाहीत? करता येतो, पण वजन आडवं येतं. हातोड्याला खाली फेकायचं, तर मशीनला वर ढकललं जाणं भाग आहे. दीड किलोचा हातोडा ३० ज्यूलने मारायचा, तर त्याचा वेग सेकंदाला सहा मीटरच्या थोडा वर हवा. सेकंदाला असे सोळा-सतरा ठोके धरले, तर मशीनवर सरासरी जो वरच्या दिशेचा जोर येतो, तो जवळजवळ सोळा किलो वजनाएवढा भरतो. असे बरेच ड्रायव्हर पंधरा ते वीस किलोंचे असतात, हा योगायोग नाही. त्याहून हलकं मशीन खांबावर टेकून राहणार नाही, उडत राहील, आणि ते दाबून धरायचं काम माणसावर येईल. सहा-सात किलोंचं, तरीही दणदणीत ठोकणारं पेट्रोल मशीन कोणी विकत असेल, तर एवढाच हिशेब त्याच्यासमोर मांडावा.

वीस किलोंचं मशीन सहा फुटी खांबाच्या डोक्यावर चढवायचं कसं, ही पुढची पंचाईत. सरावलेली माणसं ते उचलत नाहीत. खांब जमिनीवर आडवा ठेवतात, मशीनचं तोंड त्याच्यावर सरकवतात आणि दोन्ही मिळून उभं करतात. म्हणूनच हँडल लांब आणि खाली उतरलेली असतात, आणि ॲक्सिलरेटर इंजिनजवळ न ठेवता मुठीपाशी आणलेला असतो. इंजिन मात्र नळीच्या एका बाजूला लटकतं. तोल त्या बाजूला जातो, आणि सुरुवातीचं वीतभर अंतर खांब ओळंब्यात ठेवला नाही, तर पुढे तो सरळ करता येत नाही. ऑगरचा खड्डा थोडा तिरका गेला तरी खांब त्यात सरळ उभा करता येतो. ड्रायव्हर ही सवलत देत नाही.

आता सिमेंटच्या पोलकडे. ऑस्ट्रेलियात ड्रायव्हरखाली जातो तो तीन पाकळ्यांचा पोलादी खांब, मीटरला सुमारे २ किलो वजनाचा. अमेरिकेत टी आकाराचा, जवळपास तेवढ्याच वजनाचा. म्हणजे पूर्ण खांब चार किलोंच्या घरात. आपला ४० बाय ४० बाय ५ चा लोखंडी अँगल मीटरला ३ किलो, सहा फुटी तुकडा साडेपाच किलो. इथपर्यंत ठीक. पण चार इंच बाय चार इंच, सात फुटी सिमेंटचा पोल पन्नास किलोंचा असतो. त्याच्यावर दीड किलोचा हातोडा मारून ठोक्याची बहुतेक ताकद वायाच जाते. शिवाय काँक्रीट दाब सोसतं, ताण सोसत नाही. ठोक्याची लाट पोलमधून जाताना परतते, ताण देते आणि तडे पाडते. त्याआधीच डोक्याचे टवके उडतात. सिमेंटच्या आणि दगडी खांबांना ऑगरच हवा. सांगोला-जतकडे ड्रॅगन फ्रूटच्या बागा सिमेंटच्या खांबांवर उभ्या असतात, तिथे ड्रायव्हर विकायला जाणारा रिकाम्या हाताने परत येईल.

अँगल ठोकतानाही टोप त्याच्याच मापाचा हवा. सैल टोपात अँगल थरथरतो, डोकं पसरतं आणि ठोका एका कडेवर बसून तो वाकतो.

जमिनीचंही आपलं म्हणणं असतंच. काळी जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. ओली असताना ऑगरच्या पात्याला ती अशी चिकटते, की मातीने भरलेलं पातं वर ओढणं हेच खरं काम होऊन बसतं. त्याच जमिनीत ड्रायव्हर लोण्यात गेल्यासारखा अँगल घालतो, आणि नेमकी तिथेच फसगत होते. एप्रिल-मेमध्ये अँगलच्या कडेने भेग पडते आणि खांब हलायला लागतो. काळ्या जमिनीत मी तरी पाऊस सरून वाफसा येईपर्यंत थांबेन, आणि खांब नेहमीपेक्षा फूटभर जास्त खोल घालेन.

मऊ मुरमात ड्रायव्हर सरस. पातळ पोलादी खांब मुरमाच्या फटीतून वाट काढतो, तर ऑगरचे दात गोट्यावर अडकतात. मात्र खाली अखंड काळा पाषाण लागला, तर दोघंही हरतात. ऑगर जागेवर फिरत राहतो आणि खांब वाकतो. कोकणातल्या जांभ्यात तर दोन्ही विसरा. तिथे ड्रिलने भोक पाडून मगच खांब बसवावा.

पकडीचं बघितलं, तर ठोकलेल्या खांबाभोवतीची माती दबून घट्ट झालेली असते, त्यामुळे तो लगेच भार घेतो. खड्ड्यातला खांब मात्र भरावावर अवलंबून. २० सेंटिमीटर व्यासाच्या, ६० सेंटिमीटर खोल खड्ड्यात चार इंची पोल उभा केला, तर भोवती साधारण तेरा लिटर जागा उरते. ती काँक्रीटने भरायची, नाहीतर माती थराथराने ठासायची. एकदम ओढून वरून पाय मारलेली माती पहिल्या पावसात बसते.

तरीही कोपऱ्याचे आणि फाटकाचे खांब ठोकून भागत नाहीत. तारेचा सगळा ताण त्यांच्यावर येतो, आणि पातळ खांब मातीला कापत झुकतो. ड्रायव्हर सर्रास वापरणारे देशसुद्धा मधल्या ओळीलाच तो लावतात, टोकाचे जाड खांब वेगळे रोवून त्यांना आडवा-तिरपा टेकू देतात. म्हणजे ड्रायव्हर घेतला तरी दोन-चार खड्डे खणावेच लागतात. तेवढ्यासाठी ऑगर विकत घेऊ नये, भाड्याने आणावा.

अंगावर बेतणाऱ्या गोष्टीही वेगळ्या. ऑगर एकदम झटका देतो, ड्रायव्हर हळूहळू झिजवतो. सेकंदाला सोळा हादरे मुठींतून हातात जातात आणि रोजच्या कामात बोटं बधिर, पांढरी पडू शकतात. युरोपीय संघाच्या २००२ च्या नियमात हाताच्या कंपनाची आठ तासांची सरासरी मर्यादा ५ मीटर प्रति सेकंद वर्ग आहे, आणि २.५ च्या पुढे गेलं की मालकाने उपाय करायला सुरुवात करायची असते. म्हणून मुठी आणि मशीन यांच्यात रबर किंवा स्प्रिंग आहे का, हे हलवून बघावं. दोन्हींसाठी कानात बोळे हवेतच. ड्रायव्हर चालवताना डोक्यावर हेल्मेटही हवं, कारण मशीन डोक्याच्या उंचीवर असतं.

इंधनातही फरक आहे, आणि तो महागात पडतो. ऑगरचं टू-स्ट्रोक इंजिन पेट्रोलमध्ये मिसळलेल्या ऑइलवरच जगतं, नुसतं पेट्रोल घातलं तर पिस्टन जाम होतो. ड्रायव्हरच्या फोर-स्ट्रोक इंजिनात पेट्रोल साधं, ऑइल तळाशी वेगळं, आणि त्याची पातळी काम सुरू करण्याआधी बघायची. दोन्ही मशीन एकाच शेडमध्ये असतील, तर दोन कॅन ठेवावेत, वेगळ्या रंगांचे.