देवळातली पोथी आणि कार्बनची साक्ष

विज्ञान आणि धर्म आमनेसामने आणणाऱ्या रहस्यकादंबऱ्यांत एक प्रसंग हमखास येतो. देवळातली जुनी वस्तू प्रयोगशाळेत जाते, यंत्र तिचं वय सांगतं आणि पुजारी खोटा पडतो. ग्वाल्हेरच्या पार्श्वभूमीवर कुणी अशी मराठी कादंबरी लिहिणार असेल, तर माझी कळकळीची विनंती: कार्बन-14 नेमकं काय सांगतं, ते आधी समजून घ्या. खरं रहस्य तिथेच आहे.

वातावरणात कार्बन-14, म्हणजे कार्बनचा किरणोत्सारी प्रकार, सतत तयार होत असतो. झाडं तो हवेतून घेतात आणि अन्नातून तो आपल्यात येतो. जीव गेला की आवक थांबते आणि साठलेला कार्बन-14 दर 5730 वर्षांनी निम्मा होत जातो. म्हणजे ही चाचणी सांगते ती मरणाची वेळ. झाडाच्या सालीवर कुणी कधी लिहिलं, हे ती सांगत नाही. 1988 साली तुरीनच्या कफनाची, म्हणजे येशूचं मानल्या जाणाऱ्या कापडाची, तपासणी तीन प्रयोगशाळांनी केली आणि त्यातला जवसाचा धागा 1260 ते 1390 दरम्यानचा निघाला. वाद मात्र मिटला नाही. नमुना घेतला तो कोपरा नंतर दुरुस्त केलेला असावा, अशी शंका अजूनही घेतली जाते.

बख्शाली हस्तलिखिताचं उदाहरण तर आपल्याच गणिताचं. भूर्जपत्रावरच्या, म्हणजे भूर्ज झाडाच्या सालीवरच्या, या पोथीत शून्यासाठी टिंब आहे. 2017 मध्ये तिच्या तीन पानांच्या चाचणीचे निकाल आले: 224–383, 680–779 आणि 885–993. एकच पोथी आणि तीन वेगवेगळे काळ! जाणकारांनी लगेच विचारलं, साल जुनी असेल, पण शाईचं काय?

दगडापुढे तर कार्बन हतबलच. ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर जाताना चढावर चतुर्भुज मंदिर लागतं, अख्खं खडकात कोरलेलं. तिथल्या शिलालेखात देवाच्या फुलबागेचं माप आहे, 270 हात लांब आणि 187 हात रुंद. शिवाय रोजच्या 50 माळांची तजवीज. त्यातलं शून्य म्हणजे चिमुकलं वर्तुळ, आजही सहज ओळखू येतं. या शून्याचा काळ कळतो तो लेखातच संवत 933 कोरलंय म्हणून, म्हणजे इ.स. 876. गणिताच्या इतिहासातला हा पक्का पुरावा देवळाच्या एका दानलेखाने जपला. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या मराठी मंडळींनी किल्ल्यावरचा मानमंदिर राजवाडा गाठायच्या घाईत हे देऊळ चुकवू नये.

आता कथानक. कुणीतरी खरोखरच हजार वर्षं जुनं कोरं भूर्जपत्र मिळवतो, त्यावर आज लिहितो आणि पोथी देवळात ठेवतो. प्रयोगशाळा प्रामाणिकपणे "हजार वर्षं" सांगते. भाविक खूश, वैज्ञानिकही निश्चिंत, आणि दोघंही फसलेले.

चोर सापडेल तो शाईत. शाईची काजळी तिळाच्या तेलाच्या दिव्यावर धरली असेल, तर तिच्यातला कार्बन त्या वर्षीच्या पिकाचा. अणुचाचण्यांमुळे 1963 च्या सुमारास हवेतला कार्बन-14 जवळजवळ दुप्पट झाला होता. त्यानंतरच्या काही दशकांत उगवलेल्या तिळात ती खूण उतरलेली असते. आजच्या तिळात ती जवळजवळ पुसली गेली आहे, तरी शाई हजार वर्षं जुनी नाही हे कळतंच. फक्त सालीचा कण येऊ न देता शाई वेगळी काढणं महाकठीण. त्यासाठी पोथीतली काही अक्षरं खरवडावी लागतील, आणि परवानगी मागायची ती पुजाऱ्याकडेच. मला वाचायचाय तो हा प्रसंग.