लाल दिवा विझला म्हणजे बॅटरी भरते आहे, असे नव्हे

जुन्या मोटारीची बॅटरी वारंवार उतरू लागली की बहुतेक मालक प्रथम बॅटरीच बदलतात, आणि नवी बॅटरीही महिन्याभरात बसली की मग डायनॅमोचे, म्हणजे इंजिनाच्या जोरावर फिरून बॅटरी भरणाऱ्या जनित्राचे, आर्मेचर (आतली फिरती गुंडाळी) रिवाइंड करण्याचा विषय निघतो. या दोन्ही खर्चांच्या आधी साध्या डिजिटल मल्टिमीटरने क्रमाने घेतलेली मोजकी मापे दोषाची जागा बहुतेक वेळा अचूक दाखवतात. मात्र प्रत्येक माप नेमके काय सांगते, हे मोजणाऱ्याला माहीत असावे लागते. मुंबईतील शेवटची नोंदणीकृत प्रीमियर पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये सेवेतून बाहेर पडली, आणि डायनॅमो हाताळणारे जुने ऑटो इलेक्ट्रिशियनही आता शोधावे लागतात. त्यामुळे हौसेने फियाट, अँबॅसेडर किंवा 1950-60 च्या दशकांतील ब्रिटिश गाडी बाळगणाऱ्याने ही विद्या स्वतःच शिकून घेतलेली बरी.

सुरुवात बॅटरीपासून करावी, कारण तीच कमकुवत असेल तर पुढची सगळी मापे फसवी ठरतात. बारा व्होल्टच्या शिसे-आम्ल बॅटरीत सहा सेल असतात आणि पूर्ण भरलेल्या प्रत्येक सेलचे व्होल्टेज सुमारे 2.1 असते, म्हणून रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या बॅटरीवर सकाळी 12.6 व्होल्ट दिसले तर ती भरलेली, 12.2 दिसले तर साधारण अर्धी आणि 12.0 च्या खाली गेले तर जवळजवळ रिकामी समजावी. गाडी नुकतीच बंद केली असेल तर आकडा खोटाच चढा दिसतो, कारण शिशाच्या पट्ट्यांच्या पृष्ठभागालगतचे आम्ल तेवढ्यापुरते अधिक तीव्र झालेले असते. हेडलाइट दोन मिनिटे लावून, मग बंद करून मोजल्यास हा फुगवटा उतरतो. बूच उघडता येणारी बॅटरी असेल तर हायड्रोमीटर अधिक बोलका. पाच सेलमध्ये आम्लाची घनता 1.26 आणि सहाव्यात 1.15 आढळली तर दोष त्या सेलचाच, डायनॅमोला हात लावण्याचे कारणच उरत नाही.

त्यानंतर फॅनबेल्ट पाहावा. दोन पुलींच्या मधोमध अंगठ्याने दाबल्यावर पट्टा सुमारे अर्धा इंच खाली गेला पाहिजे. ढिला पट्टा भार वाढताच घसरतो. फार ताणलेला पट्टा डायनॅमोचे आणि पाण्याच्या पंपाचे बेअरिंग खातो.

डायनॅमोची एक मर्यादा मात्र दोष म्हणून मोजू नये. लुकास कंपनीचा सी-40 हा त्या काळातील ब्रिटिश गाड्यांत सर्रास आढळणारा डायनॅमो जास्तीत जास्त 22 अँपिअर प्रवाह देतो, आणि तोही इंजिन चांगल्या वेगात असताना. इंजिन मंद चालू असेल तेव्हा त्याच्याकडून जवळपास काहीच मिळत नाही. जुलैच्या रात्री भर पावसात सिग्नलला अडकलेल्या गाडीत हेडलाइट, वायपर, टेल लॅम्प आणि इग्निशन कॉइल मिळून 15 अँपिअरच्या आसपास प्रवाह ओढत असतात आणि तो सगळा बॅटरीतून जात असतो. अशा तासाभराच्या प्रवासानंतर बॅटरी थकली तर त्यात डायनॅमोचा काही अपराध नाही.

आता डॅशबोर्डवरच्या लाल दिव्याकडे वळू. त्याचे एक टोक इग्निशन स्विचमार्गे बॅटरीला आणि दुसरे डायनॅमोच्या मुख्य टर्मिनलला जोडलेले असते. दोन्ही बाजूंचे व्होल्टेज सारखे झाले की दिव्यातून प्रवाह वाहत नाही आणि तो विझतो. म्हणजे हा दिवा प्रवाह मोजत नाही, दोन व्होल्टेजमधला फरक तेवढा दाखवतो. हे ध्यानात घेतले तर एक विचित्र वाटणारे लक्षण लगेच उलगडते: ॲक्सिलरेटर दाबल्यावर दिवा विझतो आणि वेग आणखी वाढवला की पुन्हा मंद पेटतो. डायनॅमोचे व्होल्टेज बॅटरीच्या पातळीला आले तेव्हा दिवा विझला, ते त्या पातळीच्या वर गेले तेव्हा फरक उलट दिशेने निर्माण झाला. असे घडते याचा अर्थ डायनॅमो वीज निर्माण करतो आहे, परंतु कटआउटचे (डायनॅमोला बॅटरीशी जोडणाऱ्या आपोआप चालणाऱ्या स्विचचे) पॉइंट मिळत नसल्यामुळे ती बॅटरीपर्यंत पोहोचत नाही.

डायनॅमोची खरी परीक्षा त्याला गाडीच्या बाकी वायरिंगपासून वेगळे काढून घ्यावी लागते, आणि मला या सगळ्या निदानात हीच चाचणी सर्वांत सुंदर वाटते. लुकास पद्धतीच्या डायनॅमोवर डी आणि एफ अशी दोन टर्मिनले असतात: डी मुख्य प्रवाहाचे, एफ फील्ड कॉइलचे, म्हणजे चुंबकत्व निर्माण करणाऱ्या स्थिर गुंडाळीचे. दोन्हींच्या वायर काढून ठेवाव्यात, एका छोट्या तारेने डी आणि एफ एकमेकांना जोडावेत, मल्टिमीटरचे एक टोक त्या तारेला आणि दुसरे डायनॅमोच्या बॉडीला लावावे आणि इंजिन सुरू करून वेग हळूहळू वाढवावा. सुस्थितीतील डायनॅमो मिनिटाला हजारेक फेऱ्यांच्या आतच 20 व्होल्टपर्यंत चढतो. तिथे वेग वाढवणे थांबवावे, कारण या जोडणीत त्याला आवरणारा रेग्युलेटर मध्ये नसतो.

तो असा का चढतो, याचे उत्तर 1866 च्या सुमारास वेर्नर फॉन सीमेन्स, चार्ल्स व्हीटस्टन आणि सॅम्युएल व्हार्ली यांच्या स्वतंत्र प्रयत्नांतून पुढे आलेल्या स्वयंउत्तेजनाच्या तत्त्वात आहे. डायनॅमोच्या लोखंडी पोलमध्ये यंत्र थांबल्यावरही थोडे चुंबकत्व शिल्लक राहते. आर्मेचर फिरू लागताच या शिल्लक चुंबकत्वामुळे एखादा व्होल्ट निर्माण होतो. तो फील्ड कॉइलला मिळाला की चुंबकत्व थोडे वाढते, त्यामुळे व्होल्टेज वाढते, त्यामुळे पुन्हा चुंबकत्व वाढते, आणि लोखंड संपृक्त होईपर्यंत हे चक्र चालू राहते.

म्हणूनच मल्टिमीटर जिथे अडकतो तो आकडा दोषाचे नाव सांगतो. वेग वाढवूनही आकडा एका व्होल्टजवळच रेंगाळला तर समजावे की शिल्लक चुंबकत्व आपले काम करते आहे, परंतु फील्ड कॉइल तुटल्यामुळे किंवा शॉर्ट झाल्यामुळे चक्र पुढे सरकतच नाही. चार-पाच व्होल्टपर्यंत चढून थांबला तर फील्डला दाद मिळते आहे, संशय आर्मेचरच्या गुंडाळीवर जातो. काहीच दिसले नाही तर आधी कार्बन (फिरत्या आर्मेचरवर टेकून प्रवाह बाहेर घेणारे ब्रश) पाहावेत. ते झिजून आखूड झालेले किंवा होल्डरमध्ये अडकलेले असतात, आणि कम्युटेटरवर (ते ज्यावर टेकतात त्या तांब्याच्या पट्ट्यांच्या कड्यावर) तेलकट काळा थर बसलेला असतो. हा थर बारीक काचकागदाने काढावा. एमरी पेपर वापरू नये, कारण त्याचे कठीण कण तांब्यात रुततात आणि नवे कार्बनही खरवडून काढतात. दोन तांब्याच्या पट्ट्यांमधील अभ्रक पट्ट्यांच्या पातळीपेक्षा थोडा खोल असावा लागतो. तांबे झिजून अभ्रक वर आला की कार्बन त्यावर उड्या मारतात आणि ठिणग्या पडतात.

वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या गाडीत कधीकधी सगळे भाग शाबूत असूनही शून्यच दिसते, कारण ते शिल्लक चुंबकत्वच नाहीसे झालेले असते. अशा वेळी एफची वायर काढून, बॅटरीच्या अर्थ नसलेल्या (गाडीच्या बॉडीला न जोडलेल्या) टोकाची तार एफ टर्मिनलला क्षणभर टेकवली की पोल पुन्हा चुंबकित होतात. ही कृती आणि वरची चाचणी फील्डचे एक टोक आतच अर्थ केलेल्या डायनॅमोला लागू पडते. काही कंपन्यांच्या डायनॅमोत जोडणी उलट असते, त्यामुळे आकृती पाहिल्याशिवाय हात घालू नये.

डायनॅमो उत्तीर्ण झाला तर संशय त्या काळ्या डबीवर येतो, जिला आपले मेकॅनिक सरसकट कटआउट म्हणतात. तिच्यात प्रत्यक्षात दोन वेगळी कामे चालतात. कटआउट 13 व्होल्टच्या आसपास डायनॅमोला बॅटरीशी जोडतो आणि वेग उतरला की तोडतो. रेग्युलेटर फील्डचा प्रवाह सेकंदाला कित्येक वेळा कमी-जास्त करून व्होल्टेज मर्यादेत ठेवतो. कटआउटचे पॉइंट चिकटून राहिले तर इंजिन बंद असताना बॅटरी उलट डायनॅमोमध्येच रिकामी होत राहते. बराच वेळ उभ्या असलेल्या गाडीचा डायनॅमो हाताला कोमट लागला तर निदान तिथेच झाले. डबीच्या अर्थची वायर गंजली तर दोन्ही कॉइलींना प्रवाह मिळत नाही. कटआउट बसत नाही आणि डायनॅमोचे व्होल्टेज बेलगाम वाढते. डबीतल्या स्प्रिंगचे स्क्रू मात्र अगदी शेवटी फिरवावेत, कारण बिघडलेल्या जोडणीची भरपाई स्क्रूने करणारा माणूस पुढच्या माणसासाठी दुसरा दोष ठेवून जातो.

जोडण्या तपासताना ओहममापनाचा फारसा उपयोग होत नाही. गंजलेल्या टर्मिनलवर 0.05 ओहम रोध असेल तर साधा मीटर तो विश्वासाने दाखवणार नाही, परंतु 20 अँपिअर वाहताना तिथे पूर्ण एक व्होल्ट खर्ची पडतो: रेग्युलेटरकडे 14.2 असताना बॅटरीला 13.2 मिळतात आणि ती कधीच पूर्ण भरत नाही. म्हणून हेडलाइट लावून, इंजिन वेगात ठेवून, मीटरचे एक टोक डायनॅमोच्या डी टर्मिनलवर आणि दुसरे बॅटरीच्या अर्थ नसलेल्या टोकावर धरावे. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक आढळला तर वाटेतली प्रत्येक जोडणी घासून साफ करावी. हेच माप डायनॅमोची बॉडी आणि बॅटरीचे अर्थचे टोक यांच्यातही घ्यावे. समुद्रालगतच्या गावांत इंजिन आणि चॅसी यांना जोडणारी पट्टी आतून कुजलेली असण्याची शक्यता मोठी.

अनेकांनी एव्हाना डायनॅमो काढून अल्टरनेटर (त्याच कामाचे नव्या पद्धतीचे जनित्र) बसवलेला असतो, आणि तिथे काही जुन्या सवयी महागात पडतात. चालू इंजिनवर बॅटरीचे टर्मिनल उचलून चार्जिंग पाहण्याची युक्ती त्यांपैकी एक: अल्टरनेटरमध्ये त्या क्षणी उसळणारे व्होल्टेज डायोड जाळू शकते. शिवाय अनेक अल्टरनेटरांत सुरुवातीचा फील्ड प्रवाह लाल दिव्यातूनच येतो, त्यामुळे डायनॅमोच्या गाडीत निरुपद्रवी असलेला उडालेला बल्ब इथे चार्जिंगच बंद पाडू शकतो. इग्निशन चालू करताच दिवा पेटला नाही, तर अल्टरनेटर उतरवण्याआधी तो बल्ब बदलून पाहावा. आणि 22 अँपिअरच्या हिशेबाने टाकलेली जुनी मुख्य वायर 45 अँपिअरच्या अल्टरनेटरला तशीच जोडलेली असेल, तर उतरलेली बॅटरी भरत असताना त्या वायरवर हात ठेवून पाहावा. ती तापत असेल तर जाड वायर घातल्याशिवाय ती गाडी रात्रीच्या प्रवासाला काढू नये.