सुरमई कमी, तारली फार

मुंबईच्या मासळी बाजारात तारली वाट्याने घेतात आणि सुरमई तुकड्याने. भावामागे चव, मोसम, डिझेल, बर्फ अशी बरीच कारणं असतात. पण समुद्रात मुळातच तारली उदंड आणि सुरमई मोजकी का, याचं उत्तर उन्हात सापडतं.

समुद्राच्या वरच्या थरात डोळ्यांना न दिसणाऱ्या एकपेशीय वनस्पती तरंगतात. डायटम हा त्यांतला मोठा गट. त्यांच्यावर पडणाऱ्या उन्हातला जेमतेम एखादा टक्का, बरेचदा त्याहूनही कमी, अन्नात साठतो. तारली हे डायटम कल्ल्यांच्या जाळीने गाळून खाते आणि सुरमई तारलीला खाते. पण खाल्लेलं सगळं कुणाच्याच अंगी लागत नाही. काही न पचताच बाहेर पडतं, आणि पोहण्यात, नुसतं जिवंत राहण्यात खर्च झालेली ऊर्जा उष्णता होऊन निघून जाते. ती परत येत नाही. ढोबळमानाने एका पायरीवरून वरच्या पायरीवर १० टक्केच पोचतात. म्हणजे सुरमईचं वजन किलोभर वाढायला सुमारे १० किलो तारली, आणि तिच्यामागे १०० किलो डायटम! अर्थात हा आकडा दगडावरची रेघ नव्हे, जागेनुसार तो बराच खालीवर होतो.

ऊर्जेचा असा जमाखर्च मांडला अमेरिकेच्या रेमंड लिंडमन यांनी, मिनेसोटातल्या एका लहानशा तळ्यावरून. परीक्षकांनी आधी लेख नाकारला होता. १९४२ साली तो छापून आला तेव्हा लिंडमन हयात नव्हते. वयाची सत्तावीस वर्षंही त्यांना पुरी करता आली नाहीत.

ठाणे खाडीतल्या रोहित पक्ष्यांचे थवे एवढे मोठे असतात तेही याच हिशेबाने. धाकटा रोहित थेट शेवाळ खातो, मधली दलाली नाही. त्या शेवाळाला नायट्रोजन आणि फॉस्फरस मिळतं, त्यात शहराच्या सांडपाण्याचा वाटा मोठा आहे. ऊर्जा एकदा गेली की गेली, ही द्रव्यं मात्र फिरत राहतात. म्हणून सांडपाणी सोडणं चांगलं, असं कुणी समजू नये. शेवाळ माजून कुजलं की पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे मरतात.

खाडीकाठच्या कांदळवनात आणखी एक वाट आहे. तिवराची हिरवी पानं खाणारे फार नाहीत. बहुतेक पानं चिखलात गळतात, बुरशी आणि जिवाणू ती कुजवतात, आणि त्या कुजक्यावर चिंबोऱ्या, कोलंबीची पिल्लं पोसतात. झाड तोडलं की सावली जाते हे दिसतं. कोलंबीचं ताट गेलेलं दिसत नाही.

एक गोष्ट मात्र या जिन्यावर उलट चढते. पारा शरीरातून सहज बाहेर पडत नाही, त्यामुळे प्रत्येक पायरीवर तो साठत जातो. मुशीसारख्या मोठ्या शिकारी माशांत तो जास्त सापडतो, म्हणून गरोदर बायकांना असे मासे टाळायला सांगतात. तारलीत तो फार कमी असतो.